जड स्क्वॉटमध्ये कुल्ले आधी उठतात आणि धड पुढे पडते: वारंवार परतणाऱ्या दोषाचे निवारण

तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपाची असते. हलक्या वजनावर स्क्वॉट, म्हणजे पाठीवर वजनाचा बार घेऊन खाली बसून उठणे, नीट होतो, खोली मिळते, पाठही स्थिर राहते. परंतु वजन एका ठरावीक टप्प्यापलीकडे गेले की तळातून निघताक्षणी कुल्ले झपाट्याने वर जातात, बार मात्र जागच्या जागी राहतो, गुडघे जवळजवळ सरळ होतात आणि उरलेले अंतर केवळ पाठीच्या बळावर, ‘गुड मॉर्निंग’ या कुल्ल्यातून वाकून उठण्याच्या व्यायामासारखे, पूर्ण करावे लागते. वजन उतरवून काही आठवडे सराव केला की दोष गेल्यासारखा वाटतो आणि जुन्या वजनापाशी पोहोचताच तो पुन्हा हजर होतो.

माझ्या स्वतःच्या सरावात हा दोष जवळपास दोन वर्षे येत-जात राहिला. पाठ कमकुवत आहे असे मानून मी पाठीचे व्यायाम वाढवत गेलो. पाठ खरोखरच बळकट झाली, पण कुल्ले आधी उठायचे ते उठतच राहिले. बळकट पाठीमुळे एवढेच झाले की बिघडलेला स्क्वॉटही मला पूर्ण करता येऊ लागला आणि त्यामुळे मूळ कारण शोधण्याची निकड आणखी लांबली. हा दोष उठताना दिसतो, परंतु त्याची सुरुवात त्याआधी, खाली जाताना किंवा बार रॅकवरून काढतानाच झालेली असते, हे ध्यानात आल्यावरच त्यावर नेमका इलाज करता आला.

तळाशी नेमके काय घडते

तळाशी असताना भार गुडघा आणि कुल्ला या दोन सांध्यांमध्ये वाटलेला असतो. बारपासून सरळ खाली सोडलेल्या काल्पनिक रेषेपासून सांधा आडव्या दिशेने जितका दूर, तितका त्या सांध्याला सरळ करणाऱ्या स्नायूंवर ताण अधिक. बार न उचलता कुल्ले वर गेले की गुडघा मागे सरकून त्या रेषेच्या जवळ येतो आणि कुल्ला तिच्यापासून आणखी मागे जातो. याचा अर्थ असा की शरीराने मांडीच्या पुढच्या स्नायूंवरचे, म्हणजे क्वाड्सवरचे, काम काढून घेऊन ते नितंब, हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचे स्नायू) आणि पाठीचा कणा ताठ ठेवणारे स्नायू यांच्याकडे सोपवले. शरीर असे का करते, याची प्रमुख कारणे दोन आहेत. एक तर त्या क्षणी क्वाड्सना तो भार पेलत नाही. किंवा तळाशी पोहोचेपर्यंत तोल पंज्यांवर गेलेला असतो आणि गुडघे मागे ओढणे हा तोल परत मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग असतो. दोन्ही कारणांचे बाह्य रूप सारखेच दिसते, पण उपाय मात्र वेगळे आहेत, आणि ते अदलाबदल करून वापरल्यामुळेच हा दोष वर्षानुवर्षे टिकतो.

एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. धड पुढे झुकलेले असणे हा स्वतंत्रपणे दोष नाही. ज्याच्या मांडीचे हाड धडाच्या तुलनेत लांब आहे, किंवा जो लो बार पद्धतीने, म्हणजे हाय बारसारखा मानेखालच्या स्नायूंच्या वर न ठेवता त्यापेक्षा काही सेंटीमीटर खाली, खांद्याच्या पात्यांवरच्या आडव्या उंचवट्यावर बार ठेवतो, त्याचे धड झुकणारच. तसे झुकले नाही तर बार तळपायाच्या मध्यावर राहूच शकणार नाही. तळाशी धडाचा जो कोन होता तो उठण्याच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात ठळकपणे बदलला, तरच त्याला दोष म्हणावे. अनेक जण स्वतःच्या बांध्याला न शोभणारा ताठ स्क्वॉट करण्याचा आग्रह धरतात, बळेबळे छाती वर ठेवून खाली जातात आणि वजन जड झाल्यावर शरीर आपला नैसर्गिक कोन परत घेते. तेव्हा दिसणारा बदल हा पडणे नसून सुरुवातीच्या चुकीच्या कोनाची दुरुस्ती असते. अशा व्यक्तीने खाली जातानाच थोडे अधिक झुकावे, एवढ्याने अर्धा प्रश्न सुटतो.

कारण कसे ओळखावे

मोबाइल कुल्ल्याच्या उंचीवर, शरीराच्या अगदी बाजूला आणि काटकोनात ठेवून चित्रण करावे. तिरक्या कोनातून किंवा जमिनीवर ठेवून घेतलेल्या चित्रणात खोली आणि बारचा मार्ग दोन्ही फसवे दिसतात. एकाच दिवशी तीन वजने चित्रित करावीत: दोष मुळीच नसतो ते वजन, जिथे शंका येते ते, आणि जिथे दोष स्पष्ट दिसतो ते. उदाहरणादाखल, ज्याचा सर्वोत्तम स्क्वॉट १६० किलो आहे त्याने ११०, १२५ आणि १४० किलोचे रेप (एकदा खाली बसून उठणे म्हणजे एक रेप, सलग रेपचा मिळून एक सेट) शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

पाहताना उठण्याकडे नंतर वळावे. आधी खाली जाण्याचा शेवटचा चौथा हिस्सा थांबवून थांबवून पाहावा. त्यात बार तळपायाच्या मध्यापासून बोटांच्या दिशेने सरकताना दिसला, टाच किंचित हलली, किंवा तळाशी पोहोचण्याच्या आधीच गुडघे मागे आले, तर कारण तोलाचे आहे. खाली जाताना बारची रेषा सरळ, तळाशी तोल मध्यावर, आणि तरीही उठताना कुल्ले निसटतात असे दिसले, तर संशय क्वाड्सच्या ताकदीवर घ्यावा. तळाशी बरगड्या पुढे उघडल्या, पोट सैल पडले किंवा पाठीचा वरचा भाग गोल झाला, तर धडाचा ताठरपणा कमी पडतो आहे. दोष पहिल्याच रेपला येतो की सेटच्या शेवटच्या रेपला, हीदेखील महत्त्वाची खूण आहे. पहिल्या रेपला येणारा दोष सहसा मांडणीचा असतो, तर शेवटी येणारा थकव्याचा.

तोलाचे कारण

माझ्या पाहण्यात सर्वाधिक आढळणारे कारण हेच आहे आणि त्याकडे सर्वाधिक दुर्लक्षही होते. त्याची मुळे अनेक ठिकाणी असतात.

पहिले मूळ म्हणजे ‘खुर्चीवर बसल्यासारखे मागे बसा’ ही सूचना शब्दशः पाळणे. स्क्वॉट सूट घालून रुंद पायांनी उतरणाऱ्या लिफ्टरसाठी ती योग्य आहे, कारण मागे बसताना ताणला जाणारा सूट कुल्ल्यांना प्रत्यक्ष आधार देतो. केवळ बेल्ट आणि नी स्लीव्ह (गुडघ्यावर चढवायचे घट्ट आवरण) वापरून क्लासिक प्रकारात उतरणाऱ्या व्यक्तीला तो आधार नसतो. ती कुल्ले खूप मागे नेते, तोल सांभाळण्यासाठी धड पुढे टाकते, आणि तळाशी गुडघे पुढे यायला हवेत तेवढे आलेलेच नसतात. क्वाड्सना मग सुरुवातीपासूनच काम मिळत नाही. गुडघे आणि कुल्ले एकाच वेळी सोडावेत, गुडघ्यांना पायाच्या बोटांच्या दिशेने पुढे जाऊ द्यावे, ही सुधारणा करताना पहिले काही दिवस विचित्र वाटते. परंतु चित्रणात बारची रेषा लगेच सुधारलेली दिसते.

दुसरे मूळ वेगाचे आहे. भीतीपोटी किंवा सवयीने जो वजनासह खाली कोसळतो, त्याचा तोल शेवटच्या काही सेंटीमीटरमध्ये पुढे फेकला जातो. खाली जाण्याचा वेग असा असावा की वाटेत कुठेही थांबता येईल. तिसरे मूळ कोपरांचे आहे: लो बारमध्ये उठताना कोपरे मागे-वर उचलली गेली की बार मानेकडे लोटला जातो आणि धड पुढे ढकलले जाते. पकड थोडी रुंद करून, कोपरे खाली ठेवून, पाठीच्या वरच्या भागाने बारला मागे-वर रेटण्याचा प्रयत्न करावा. ‘छाती वर’ या सूचनेपेक्षा ही सूचना मला कितीतरी अधिक उपयुक्त वाटते, कारण छाती वर करण्याच्या नादात अनेकांच्या कंबरेत नको तेवढी कमान येते आणि पोटाचा ताण सुटतो.

तोलाच्या दोषावरचा सर्वांत परिणामकारक व्यायाम म्हणजे तळाशी थांबून केलेला स्क्वॉट. सर्वोत्तम वजनाच्या ६५ ते ७० टक्के घ्यावे, तळाशी पूर्ण दोन सेकंद थांबावे, आणि थांबलेल्या अवस्थेत टाच, अंगठ्याचा उंचवटा आणि करंगळीचा उंचवटा हे तिन्ही बिंदू जमिनीवर दाबले जात आहेत का, हे जाणून घ्यावे. ज्याचा तोल पुढे आहे त्याला तिथे थांबताच येत नाही, आणि हाच या व्यायामाचा गुण आहे. तो चूक लपवू देत नाही. चार रेपचे तीन किंवा चार सेट पुरेसे आहेत.

घोट्याची तपासणीही याच भागात करावी. भिंतीसमोर एक पाय पुढे ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून किती दूर नेता येतो ते मोजायचे. हे अंतर सुमारे १० सेंटीमीटरपेक्षा बरेच कमी भरत असेल, किंवा दोन पायांत ठळक फरक असेल, तर गुडघ्याला पुढे यायला जागाच मिळत नाही आणि धड झुकण्यावाचून पर्याय राहत नाही. अशा वेळी तंत्राच्या कितीही सूचना दिल्या तरी त्या पाळता येणार नाहीत.

क्वाड्सचे आणि धडाचे कारण

तोल नीट असूनही कुल्ले निसटत असतील, तर क्वाड्सना वेगळे काम द्यावे लागते. फ्रंट स्क्वॉट, म्हणजे बार खांद्यांच्या पुढच्या बाजूला ठेवून केलेला स्क्वॉट, यासाठी उत्तम आहे, कारण त्यात कुल्ले आधी उठले तर बार समोरून घसरतो आणि चूक तिथल्या तिथे कळते. ज्यांना मनगटामुळे तो जमत नाही त्यांनी हाय बार स्क्वॉट, टाच उंच ठेवून केलेला स्क्वॉट किंवा लेग प्रेस निवडावा. लेग प्रेसला कमी लेखण्याची प्रथा मला मान्य नाही, कारण पाठ थकलेली असतानाही क्वाड्सना पुरेसे काम देण्याचा तो मार्ग आहे. मुख्य स्क्वॉटनंतर सहा ते दहा रेपचे तीन-चार सेट, आठवड्यातून दोनदा, किमान आठ आठवडे असा क्रम ठेवावा. तीन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून सोडून देणे ही या टप्प्यावरची नेहमीची चूक आहे. स्नायूंची वाढ तेवढ्या वेगाने होत नाही.

धडाच्या ताठरपणासाठी प्रत्येक रेपच्या आधी, उभे असतानाच, पोटात खोल श्वास घ्यावा आणि पोट, दोन्ही कुशी व कंबर असे चहूबाजूंनी बाहेर दाबावे. हा दाब उठताना सर्वांत कठीण जागा ओलांडेपर्यंत सोडू नये. ही जागा बहुतेकांच्या बाबतीत मांडी जमिनीला समांतर होण्याच्या थोडी वर असते, आणि नेमक्या त्याच्या आधी श्वास सुटल्यामुळे फसलेले प्रयत्न मी पुष्कळ पाहिले आहेत.

साहित्याची निवड

तपासणी पूर्ण होण्याआधी नवे साहित्य घेऊ नये, आणि घेतल्यावर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बूट आणि बेल्ट एकाच आठवड्यात बदलले, तर कशामुळे काय सुधारले किंवा बिघडले हे कधीच कळत नाही.

या दोषाशी सर्वांत थेट संबंध बुटांचा आहे. धावण्याचे मऊ तळाचे बूट जड स्क्वॉटला सर्वथा अयोग्य आहेत. फेस दबतो, दोन्ही बाजूंना सारखा दबत नाही, आणि तोल प्रत्येक रेपला निराळा लागतो. असे बूट वापरणाऱ्याने बाकी काही तपासण्याआधी ते काढून सपाट, कडक तळाच्या बुटांत एक महिना सराव करावा. त्यापुढचा प्रश्न सपाट बूट की टाच असलेले वेटलिफ्टिंगचे बूट, हा आहे. टाचेच्या बुटांत ती सहसा १५ ते २२ मिलिमीटर उंच असते. या उंचीमुळे नडगीला अधिक पुढे झुकता येते, गुडघे पुढे जातात, धड थोडे ताठ राहते आणि क्वाड्सचा वाटा वाढतो. म्हणून घोट्याची हालचाल कमी असलेल्या, मांडी लांब असलेल्या किंवा हाय बार पद्धतीने अरुंद ते मध्यम अंतरावर पाय ठेवणाऱ्या व्यक्तीला त्यांचा लाभ होतो. रुंद पाय, लो बार आणि मोकळे घोटे असतील तर सपाट बूट बहुधा बरे, कारण त्या मांडणीत घोट्याला फार वाकावेच लागत नाही आणि टाचेची उंची केवळ पुढे ढकलल्यासारखी वाटते.

खर्च करण्याआधी एक साधी चाचणी करता येते. दोन पातळ, एकसारख्या प्लेट टाचांखाली ठेवून हलक्या वजनाने, सर्वोत्तमाच्या ४० ते ५० टक्क्यांपर्यंतच, काही सेट करावेत आणि चित्रण पाहावे. तळाशी तोल मध्यावर आला आणि धडाचा कोन टिकला, तर टाचेचे बूट उपयोगी पडण्याची शक्यता चांगली आहे. जड वजनाला प्लेटवर उभे राहणे धोक्याचे आहे. ते कदापि करू नये. बूट बदलल्यावर पहिले तीन-चार आठवडे तोल पुढे जातो आहे असे वाटते, कारण शरीर जुन्या अंदाजाने मागे बसत असते. या काळात वजन ७५ टक्क्यांच्या आत ठेवावे.

बेल्टविषयी अपेक्षा माफक ठेवाव्यात. बेल्ट पोटाला दाबण्यासाठी भिंत पुरवतो. दाब स्वतः निर्माण करावा लागतो. ज्याला बेल्टशिवाय श्वास रोखून पोट ताठ ठेवता येत नाही, त्याला बेल्टने फारसा फायदा होत नाही. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या, म्हणजे आयपीएफच्या, नियमांनुसार बेल्टची रुंदी जास्तीत जास्त १० सेंटीमीटर आणि जाडी १३ मिलिमीटर असू शकते. सर्वाधिक जाडीचा बेल्ट घेण्याचा मोह बहुतेकांना होतो, परंतु ज्याचे धड आखूड आहे त्याच्या बरगडीत आणि कंबरेच्या हाडात तो तळाशी रुततो, आणि ती टोचणी टाळण्यासाठी शरीर नकळत कोन बदलते. अशा व्यक्तीला १० मिलिमीटर जाडीचा किंवा थोडा अरुंद बेल्ट अधिक मानवतो. बेल्ट इतकाही आवळू नये की आत श्वास घ्यायला जागा उरणार नाही.

नी स्लीव्हमुळे गुडघे उबदार राहतात आणि तळाशी किंचित उसळी मिळते. आयपीएफच्या नियमांत त्यांची जाडी ७ मिलिमीटर आणि लांबी ३० सेंटीमीटर यांपेक्षा अधिक चालत नाही. स्पर्धेत वापरणार असाल तर जड सराव त्याच स्लीव्हमध्ये करावा, कारण तळाशी मिळणारा आधार बदलला की उठण्याची लयही बदलते. नी रॅपची गोष्ट वेगळी आहे. दोन मीटर लांबीचे घट्ट गुंडाळलेले रॅप गुडघा सरळ करण्यास जोराने मदत करतात, आणि ज्याचे कुल्ले आधीच निसटतात त्याचा दोष त्यामुळे अधिकच ठळक होतो. आयपीएफच्या क्लासिक प्रकारात त्यांना परवानगीही नाही. म्हणून या दोषावर उपाय म्हणून रॅप वापरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

बारचाही विचार करावा. आयपीएफच्या स्पर्धेतील बार २० किलोचा आणि २८ ते २९ मिलिमीटर व्यासाचा असतो, शिवाय प्लेट जागेवर धरून ठेवणारे प्रत्येकी अडीच किलोचे दोन कॉलर. काही इतर संघटना स्क्वॉटसाठी २५ किलोचा, अधिक जाड आणि अधिक लांब बार वापरतात, जो जड वजनाला कमी लवचिक वाटतो. पाठीवर बार बसण्याची जागा यामुळे थोडी बदलते. ज्या नियमांखाली स्पर्धा करायची आहे त्याच प्रकारच्या बारवर शेवटचे सहा-आठ आठवडे सराव व्हावा.

पुन्हा जड वजनाकडे जाताना

दोष पुन्हा पुन्हा परतण्याचे शेवटचे कारण सरावाच्या आखणीत असते. दुरुस्ती ७० टक्क्यांवर होते आणि मग एकाच उडीत ९० टक्क्यांवर परतले जाते. मधल्या वजनांवर नवी सवय रुजण्यास अवधीच मिळत नाही. १६० किलोच्या लिफ्टरने १२५ वर चार स्वच्छ सेट सलग दोन सत्रांत केले, तरच १३० कडे जावे, आणि पुढेही आठवड्याला अडीच ते पाच किलोपेक्षा अधिक वाढवू नये. ज्या रेपमध्ये चित्रणात धडाचा कोन बदललेला दिसतो, तो पूर्ण झाला तरी अयशस्वी मोजावा. एका सत्रात असे दोन रेप झाले की त्या दिवशी मुख्य स्क्वॉट थांबवून सहाय्यक व्यायामांकडे वळावे. हा नियम पाळणे कठीण जाते, विशेषतः स्पर्धा जवळ असताना, परंतु बिघडलेले रेप साठवत गेल्यास शरीर तोच मार्ग शिकत जाते.

रॅकच्या सुरक्षा पट्ट्या तळाच्या स्थितीपेक्षा किंचितच खाली लावलेल्या असाव्यात, म्हणजे धड पडू लागले तर पाठीने झुंजत न बसता बार निर्धास्तपणे खाली टेकवता येतो. झुकलेल्या अवस्थेत कंबरेत तीव्र कळ आली, किंवा कळ नितंबातून पायाकडे उतरत गेली, अथवा पायात मुंग्या किंवा बधिरता जाणवली, तर हा तंत्राचा प्रश्न राहत नाही. वजन तिथेच थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

स्पर्धेला तीन आठवडे उरले असतील तर बूट, पायांचे अंतर किंवा बारची जागा यांपैकी काहीही बदलू नये. त्या वेळी हाती असलेला उपाय एकच: पहिला प्रयत्न असा निवडावा की ज्या वजनावर चित्रणात कोन अजिबात बदलत नाही, आणि कुल्ल्याच्या सांध्यापाशी मांडीचा वरचा पृष्ठभाग गुडघ्याच्या वरच्या टोकाखाली निःसंशय जातो. वर दिलेल्या उदाहरणात तो शंका येणाऱ्या १२५ किलोच्या खालीच येईल. तिथून दुसऱ्या प्रयत्नाला किती वाढवायचे ते पहिल्या प्रयत्नाचे चित्रण पाहून ठरवावे, आणि घोट्याचे, क्वाड्सचे व बुटांचे काम स्पर्धेनंतरच्या पहिल्या सत्रापासून हाती घ्यावे.